भूल देण्याआधी घराण्याची चौकशी कशासाठी?

"घरात कुणाला भूल देताना त्रास झाला होता का?" भूलतज्ज्ञ हे विचारतात, तेव्हा नातेवाईक बहुधा घाईत ‘नाही’ म्हणून मोकळे होतात. पण या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे.

१९६० साली मेलबर्नच्या डॉ. डेनबरो आणि डॉ. लव्हेल यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका तरुणाची हकिगत छापली. पाय मोडून आलेल्या या तरुणाला पायापेक्षा भुलीची भीती जास्त होती, कारण ईथर दिल्यावर त्याचे दहा नातेवाईक दगावले होते. म्हणून त्याला तेव्हा नवीन असलेले हॅलोथेन दिले. तरीही अंग भयंकर तापले. भूल लगेच थांबवली, बर्फाने अंग थंड केले, म्हणून तो वाचला. दोष स्नायूंमध्ये होता आणि तो वंशपरंपरेने आलेला होता. त्यावरचे डॅन्ट्रोलीनचे इंजेक्शन अमेरिकेत १९७९ साली मंजूर झाले.

दुसरा धडा लहान मुलांमुळे मिळाला. श्वासनलिकेत नळी घालताना स्नायू सैल करणारे सक्सिनिलकोलीन १९५० च्या दशकापासून वापरात आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला असे लक्षात आले, की हे इंजेक्शन दिल्यावर वरवर धडधाकट दिसणाऱ्या काही मुलांचे हृदय अचानक बंद पडते. त्यातल्या अनेकांना ड्युशेन हा स्नायूंचा आनुवंशिक आजार होता, पण निदान झालेले नव्हते. अशा स्नायूंतून पोटॅशियम एकदम रक्तात उतरते. म्हणून आता मुलांच्या नेहमीच्या शस्त्रक्रियांत हे औषध टाळतात.

आपली बिलोली तेलंगणाच्या सीमेवर. तिकडच्या आणि इकडच्याही आर्यवैश्य समाजातील काही कुटुंबांत हेच औषध वेगळा त्रास देते. तो स्नायूंचा आजार नव्हे. औषधाचे विघटन करणारे रक्तातले एन्झाइम जन्मतःच कमी असते. त्यामुळे काही मिनिटांचा परिणाम तासन्‌तास टिकतो आणि रुग्णाला तोवर व्हेंटिलेटर लागतो. यामागचा जनुकीय बदल २००६ साली प्रसिद्ध झाला.

तेव्हा मुलगा उशिरा चालायला लागला असेल, वारंवार पडत असेल, गुडघ्यांवर हात टेकून उठत असेल, पोटऱ्या जाड दिसत असतील किंवा मामाला असा आजार असेल, तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. अशा मुलांनाही भूल देता येते. फक्त हृदयाची तपासणी करून, शिरेतून देण्याची सुरक्षित औषधे निवडून आणि अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणी ती द्यावी लागते. तुम्ही सांगितलेली एवढीशी माहिती मुलाचा जीव वाचवू शकते.