आपत्तीतील रुग्णवाहक : किल्लारी ते मंचेरियाल

आपत्तीच्या इतिहासात मृतांची गणना होते, मदतनिधीचे आकडे नोंदले जातात, पुनर्वसनाचे अहवाल निघतात. परंतु ढिगाऱ्यातून काढलेल्या जखमीला रुग्णालयाच्या खाटेपर्यंत कोणी पोहोचविले, याची नोंद क्वचितच सापडते. प्रस्तुत लेखात आम्ही या मधल्या वाटेचा विचार करणार आहोत.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांत ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जन आटोपून लोक नुकतेच निजले होते. १९९२ साली किल्लारीस धक्के जाणवले होते, तरी भूकंपाच्या तत्कालीन नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जात असे. घरांच्या भिंती मातीत रचलेल्या दगडांच्या, रुंद. वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच घर त्या पहाटे निजलेल्यांच्या अंगावर आले. सुमारे ८,००० माणसे मेली व सुमारे १६,००० जखमी झाली.

सैन्य व शासकीय पथके पोहोचण्यापूर्वीचे तास शेजाऱ्यांचे होते. ज्यांचे स्वतःचे आप्त गाडले गेले होते त्यांनीच हातांनी माती उपसली. मग जीप, ट्रक, ट्रॅक्टर, एस. टी. गाड्या, जे मिळेल त्या वाहनाने जखमी उमरगा, लातूर व सोलापूर येथे नेण्यात आले. लातूरला १९६६ साली डॉ. अशोक कुकडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेले विवेकानंद रुग्णालयही या सेवेत उतरले. भूकंपातील जखमी हा सर्वसाधारण रुग्ण नव्हे. त्याच्या कण्याला मार असू शकतो. हातपाय धरून उचलला तर जगलेला मनुष्य जन्माचा पांगळा होतो. त्याला सरळ फळीवर ठेवून, मान न हलविता न्यावे लागते. सद्भावनेबरोबर हे ज्ञानही लागते.

येथेच इतिहासाची कटू बाजू सांगणे प्राप्त आहे. बातमी पसरताच त्याच रस्त्यांवर बघ्यांची रीघ लागली. वाहनांची कोंडी झाली, मदतीस अडथळा आला; त्यात पावसाने भर घातली. एकाच रस्त्याने जखमीला नेणारा गेला आणि तमाशा पाहणाराही गेला. दोघांच्याही अंतःकरणात कदाचित हळहळच असेल. पण पहिला कामापुरता आला व काम होताच वाट मोकळी करून गेला, म्हणून त्याचा उपयोग झाला.

दुसरा प्रश्न अधिक बिकट आहे : प्रथम कोणाला न्यावे? २९ ऑगस्ट २००५ रोजी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहर कॅटरिना वादळानंतर पाण्याखाली गेले. तेथील मेमोरियल रुग्णालय मूळचे १९२६ साली बॅप्टिस्ट मंडळींनी स्थापिलेले. पुढे ते एका कंपनीकडे गेले होते. वीज गेली, उकाडा असह्य झाला. रुग्णांना अंधाऱ्या जिन्यांवरून हातांवर उचलून, भिंतीतील एका भगदाडातून पलीकडे देऊन हेलिकॉप्टरच्या तळापर्यंत नेण्यात आले. खासगी नौका घेऊन स्वयंसेवकही आले. मात्र अत्यवस्थ, तसेच कृत्रिम उपायांनी पुन्हा जीवन न देण्याविषयी लेखी सूचना असलेले रुग्ण शेवटी न्यावे असे तेथे ठरले. पुढे त्या इमारतीत ४५ मृतदेह सापडले. धडधाकट माणसे आधी हलविली तर अधिक जीव वाचतात, हा हिशेब सर्वस्वी खोटा नाही. तरीही जो स्वतः चालू शकत नाही तोच शेवटी राहतो, ही गोष्ट आपणांस अस्वस्थ करते आणि करावीच.

हा प्रश्न दूरदेशीचा आहे असे कोणी समजू नये. जुलै २०२२ मध्ये गोदावरीला महापूर आला, तेव्हा २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात असलेल्या मंचेरियाल येथील माता-बाल रुग्णालयात पाणी शिरले आणि बाळंतिणी व अर्भके यांना अन्यत्र हलवावे लागले. नदीकाठी बांधलेले रुग्णालय स्वतःच आपद्ग्रस्त होते, हा त्यातील बोध आहे.

मार्काच्या शुभवर्तमानातील पक्षाघाती मनुष्याला चौघांनी उचलून आणले व छप्पर उसकटून खाली सोडले. ते छप्परही बहुधा आपल्या माळवदासारखे मातीचे होते. त्या चौघांची नावे शुभवर्तमानकाराने दिलेली नाहीत. प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला एवढेच सांगितले आहे. किल्लारीच्या वाहकांचीही नावे आपणांस ठाऊक नाहीत.

आमच्या पाळकबंधूंना व उपदेशकांना नम्र सूचना अशी की, आपल्या गावात अंथरुणाला खिळलेले कोण, कोणाकडे वाहन आहे, फळी कोठे मिळेल आणि पूर आल्यास कोणता रस्ता उघडा राहील, याची यादी शांततेच्या काळातच करून ठेवावी. त्या यादीत पहिले नाव सर्वांत असहाय मनुष्याचे लिहावे. संकट आल्यावर क्रम ठरविण्यास वेळ नसतो.