कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरा

कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरा हा खिशात किंवा लहान पिशवीत मावणारा, न बदलता येणारे भिंग असलेला डिजिटल कॅमेरा होय. भिंग, प्रतिमा-संवेदक, फ्लॅश व पडदा हे सर्व भाग एकाच आवरणात बसवलेले असतात. फोकस साधणे आणि प्रकाशाचे प्रमाण ठरवणे ही कामे कॅमेरा स्वतः करतो. त्यामुळे त्यास ‘पॉइंट-अँड-शूट’ कॅमेरा असेही म्हणतात. या कॅमेऱ्यांच्या खोक्यांवर व जाहिरातींत मेगापिक्सेलचा आकडा ठळकपणे छापलेला असतो. छायाचित्राचा दर्जा मात्र प्रामुख्याने संवेदकाचा आकार, भिंगातून आत येणारा प्रकाश आणि कॅमेऱ्याची स्थिरता यांवर अवलंबून असतो. कमी खर्चात पहिला कॅमेरा घेणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीने हा फरक विशेष महत्त्वाचा आहे.

इतिहास

विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सीसीडी या प्रकाशसंवेदी घटकाची कल्पना मांडली. या कार्यासाठी त्यांना २००९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन याने १९७५ मध्ये सीसीडी वापरून पहिला स्वयंपूर्ण डिजिटल कॅमेरा तयार केला. सुमारे ३.६ किलोग्रॅम वजनाच्या या उपकरणातून ०.०१ मेगापिक्सेलचे कृष्णधवल चित्र मिळे आणि ते कॅसेटच्या फितीवर नोंदवण्यास २३ सेकंद लागत.

कॅसिओ कंपनीचा क्यूव्ही-१० हा मागील बाजूस एलसीडी पडदा असलेला कॅमेरा १९९५ मध्ये बाजारात आला. काढलेले छायाचित्र तत्काळ पाहण्याची सोय पुढे या वर्गाचे प्रमुख वैशिष्ट्य ठरली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कॅननची पॉवरशॉट, निकॉनची कूलपिक्स, सोनीची सायबर-शॉट आणि पॅनासॉनिकची ल्युमिक्स या मालिका जगभर खपल्या. जपानी उत्पादक संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये सर्व प्रकारचे मिळून सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. त्यांपैकी बहुसंख्य कॉम्पॅक्ट होते. मोबाइल फोनमधील कॅमेरे सुधारल्यामुळे २०२० पर्यंत हा एकूण आकडा ९० लाखांच्या खाली आला. परिणामी अनेक उत्पादकांनी स्वस्त प्रतिकृती बंद केल्या आणि मोठ्या संवेदकाच्या महाग कॅमेऱ्यांकडे लक्ष वळवले. सोनीचा २०१२ मधील आरएक्स१०० हा १ इंच संवेदकाचा कॅमेरा याचे ठळक उदाहरण आहे.

निवडीचे निकष

संवेदकाचा आकार

भिंगातून आलेला प्रकाश संवेदकावर पडतो व त्याचे विद्युत संकेतांत रूपांतर होते. संवेदकाचे क्षेत्रफळ जितके मोठे, तितका अधिक प्रकाश गोळा होतो आणि मंद उजेडात चित्रावर दिसणारे रवाळ ठिपके कमी होतात. प्रचलित आकार पुढीलप्रमाणे आहेत :

• १/२.३ इंच : सुमारे ६.२ × ४.६ मिमी, क्षेत्रफळ सुमारे २८ चौ. मिमी (बहुतेक स्वस्त कॅमेरे)
• १/१.७ इंच : सुमारे ७.६ × ५.७ मिमी, क्षेत्रफळ सुमारे ४३ चौ. मिमी
• १ इंच : १३.२ × ८.८ मिमी, क्षेत्रफळ सुमारे ११६ चौ. मिमी
• एपीएस-सी : सुमारे २३.५ × १५.६ मिमी, क्षेत्रफळ सुमारे ३६७ चौ. मिमी

यातील इंचातील नावे फसवी आहेत. ती जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांतील निर्वात नळ्यांच्या बाह्य व्यासावरून रूढ झाली. प्रत्यक्षात ‘१ इंच’ संवेदकाचा कर्ण सुमारे १६ मिमी म्हणजे एक इंचाहून बराच लहान असतो. त्यामुळे तुलना करताना मिलिमीटरमधील मापे पाहणे योग्य ठरते.

मेगापिक्सेल

एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख चित्रबिंदू. एका इंचात ३०० बिंदू या दराने ६ × ४ इंचाची प्रत छापण्यास १८०० × १२०० म्हणजे सुमारे २.२ मेगापिक्सेल पुरतात. ए-४ आकाराच्या प्रतीस सुमारे ८.७ आणि ‘फोर-के’ पडद्यास सुमारे ८.३ मेगापिक्सेल लागतात. चित्रबिंदू १० वरून २० मेगापिक्सेलवर नेले, तरी लांबी व रुंदी प्रत्येकी सुमारे १.४ पटच वाढते. चित्राचा भाग कापून मोठा करायचा असल्यास जादा चित्रबिंदू उपयोगी पडतात. तथापि लहान संवेदकावर त्यांची दाटी केल्यास प्रत्येक बिंदूच्या वाट्याला कमी प्रकाश येतो. काही अतिस्वस्त कॅमेऱ्यांत संवेदकावरील प्रत्यक्ष बिंदूंऐवजी सॉफ्टवेअरने गणित करून भरलेले बिंदू मोजून मोठा आकडा सांगितला जातो. अशा चित्राची फाइल मोठी होते, तपशील वाढत नाही.

भिंग आणि झूम

भिंगाच्या छिद्राचे माप एफ-अंकाने दर्शवतात. अंक लहान असेल तर छिद्र मोठे असते. भिंगावर ‘२.८–५.६’ असे लिहिलेले असल्यास झूम पूर्ण लांबवल्यावर संवेदकावर पडणारा प्रकाश एक-चतुर्थांश होतो. सभागृहात मागच्या रांगेतून काढलेली छायाचित्रे पुसट येण्याचे हे एक मुख्य कारण आहे.

झूमची ‘पट’ संख्या ही सर्वांत लांब व सर्वांत लहान केंद्रांतराचे गुणोत्तर असते. भिंगाची सुरुवात कोठून होते, हे तिच्यावरून कळत नाही. ३५ मिमी फिल्मच्या तुलनेत २४ ते २८ मिमीपासून सुरू होणारे भिंग लहान खोलीतील समूहचित्रासाठी सोयीचे असते. ऑप्टिकल झूममध्ये भिंगाचे भाग सरकून प्रतिमा मोठी होते. डिजिटल झूममध्ये चित्राचा मधला भाग कापून ताणला जातो, म्हणून निवड करताना डिजिटल झूमचा आकडा विचारात घेण्याचे कारण नाही.

स्थिरता आणि वेग

ऑप्टिकल कंपनरोधन असलेल्या कॅमेऱ्यात भिंगातील एक घटक किंवा संवेदक हाताच्या थरथरीच्या विरुद्ध दिशेने हलतो. त्यामुळे स्थिर वस्तूचे चित्र मंद उजेडातही स्पष्ट येऊ शकते. धावणारे मूल किंवा नर्तक मात्र त्याने गोठवता येत नाही. त्यासाठी शटरचा वेगच वाढवावा लागतो. कळ दाबणे आणि चित्र नोंदले जाणे यांतील विलंब जुन्या कॅमेऱ्यांत जाणवण्याइतका असतो. तो दुकानात दोन-चार चित्रे काढून पाहिल्यास लक्षात येतो.

विद्यार्थ्यांसाठी नियंत्रणे

छायाचित्रण शिकणाऱ्यास शटरवेग, छिद्र आणि आयएसओ स्वतः ठरवण्याची सोय असलेला कॅमेरा अधिक उपयुक्त असतो. ‘पी’, ‘ए’, ‘एस’, ‘एम’ अशी अक्षरे असलेल्या चकतीवरून ही सोय सहसा ओळखता येते. कॅनन कंपनी ‘ए’ व ‘एस’ऐवजी अनुक्रमे ‘एव्ही’ व ‘टीव्ही’ ही अक्षरे वापरते.

मोबाइल फोनशी तुलना

अनेक आधुनिक फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा संवेदक १/२.३ इंचापेक्षा मोठा असतो. फोन एकापाठोपाठ अनेक चित्रे घेऊन ती एकत्रही करतो. त्यामुळे लहान संवेदकाचा स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेरा मंद उजेडात अशा फोनहून सरस ठरेलच असे नाही. लांब पल्ल्याचे ऑप्टिकल झूम, अधिक प्रखर फ्लॅश, हाताशी येणारी कळ आणि बदलता येणारी बॅटरी व कार्ड हे त्याचे खरे लाभ होत. यांपैकी कशाचीच गरज नसेल, तर हाती असलेल्या फोनवरच शिकण्यास सुरुवात करणे अधिक काटकसरीचे ठरते.

वापरलेला कॅमेरा

मर्यादित रकमेत नव्या साध्या कॅमेऱ्यापेक्षा मोठ्या संवेदकाचा वापरलेला कॅमेरा चांगले चित्र देऊ शकतो. मात्र खरेदीपूर्वी पुढील बाबी तपासल्या जातात :

• कॅमेरा चालू-बंद करताना भिंग न अडखळता बाहेर येते व आत जाते का.
• पांढऱ्या कागदाचे छायाचित्र काढल्यास त्यावर धुळीचे काळसर डाग दिसतात का.
• भिंगावर विजेरीचा प्रकाश टाकल्यास आत जाळीसारखी बुरशी दिसते का.
• बॅटरी फुगलेली आहे का, आणि त्या मापाची नवी बॅटरी व चार्जर मिळतो का.
• कोणते कार्ड चालते. एसडीएचसी हा प्रकार २००६ मध्ये आला. त्यापूर्वीच्या अनेक कॅमेऱ्यांत २ जीबीपर्यंतचीच एसडी कार्डे चालतात. एक्सडी आणि मेमरी स्टिक हे प्रकार आता प्रचारातून गेले आहेत.

बॅटरी, कार्ड व पिशवी यांचा खर्च मूळ किमतीत मिळवल्यावरच दोन कॅमेऱ्यांची तुलना योग्य ठरते. ‘डबल ए’ सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यास सेल कोठेही मिळतात, परंतु साधे सेल लवकर संपतात. म्हणून पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरणे किफायतशीर असते.

देखभाल

दमट हवेत बंद पिशवीत दीर्घकाळ ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या भिंगात बुरशी वाढते. कोकण व गोव्यातील पावसाळ्यात हा धोका अधिक असतो. कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवणे आणि अधूनमधून बाहेर काढून वापरणे हा त्यावरील सोपा उपाय आहे. न बदलता येणाऱ्या भिंगात आत शिरलेली बुरशी किंवा धूळ काढण्यासाठी कॅमेरा संपूर्ण उघडावा लागतो. स्वस्त कॅमेऱ्याच्या बाबतीत हा दुरुस्तीखर्च अनेकदा त्याच्या किमतीइतका होतो.