चौक काढणाऱ्या हातांची नावं

आज चित्रांबद्दल बोलू.

चित्रकार म्हटलं की शहरातला, झब्बा घातलेला एखादा माणूस डोळ्यांपुढे येतो. त्याला म्हणे काहीतरी सुचतं. आपण नागपंचमीला भिंतीवर नाग काढतो, महालक्ष्म्यांची पावलं दारापासून आत आणतो, दिवाळीत शेणाचा गोवर्धन घालतो, भुलाबाईपुढे रांगोळी टाकतो. त्याला मात्र कुणी सुचणं म्हणत नाही. रीत म्हणतात. आमच्या गटात यावर बरीच बोलाचाली झाली. मग गेल्या पन्नास-साठ वर्षांतल्या काही नावाजलेल्या चित्रकारांची हकीकत आम्ही मिळवून वाचली. त्यांचं सुचणं आलं होतं ते अशाच रीतीच्या भिंतींवरून.

पहिली हकीकत आपल्याच राज्यातली, पण पार दुसऱ्या टोकाची. मुंबईच्या वर, गुजरातच्या शिवेला डहाणू तालुका आहे. आज तो पालघर जिल्ह्यात येतो, २०१४ पर्यंत ठाण्यात होता. तिथे वारली समाजाची वस्ती आहे. वारल्यांच्या घरी चौक काढल्याशिवाय लग्न लागत नाही. कुडाची भिंत शेणानं सारवायची, तिला गेरूचा हात द्यायचा, तांदूळ वाटून पांढरा रंग करायचा आणि बांबूची काडी चावून तिची कुंची करायची. मधे चौकट, तिच्यात पालघट देवी. भोवती झाडं, जनावरं, तारपा वाजवणारा आणि त्याला वळसा घालून नाचणारी माणसांची रांग. हे काम सवाशिणींचं. लग्न लावणारीही बाईच. तिला धवलेरी म्हणतात, ती गाणी म्हणून विधी करते. पुढे धुरानं आणि पावसानं चित्र पुसट होतं, नवं सारवण आलं की जातं. काढणारीचं नाव त्यावर कधीच नसतं.

या समाजात १९३४ साली जिव्या सोमा म्हसे जन्मले. सात वर्षांचे असताना त्यांची आई गेली आणि त्या धक्क्यानं त्यांचं बोलणंच थांबलं. पुढे कित्येक वर्षं ते मातीत रेघा ओढून आपलं म्हणणं सांगायचे. आईविना पोराला बोलायला भुई मिळाली. आम्ही हे वाचलं तेव्हा गटातल्या बाया बराच वेळ गप्प होत्या.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार हस्तकला मंडळाच्या कामासाठी डहाणूत आले. भिंतीवरचं कागदावर आणता येईल का, हे त्यांना पाहायचं होतं. बायांची रीत लग्नापुरती होती. जिव्या म्हसे मात्र लग्न असो नसो, रोज काढायचे. चौकातली देवी तिथेच राहिली आणि चौकाभोवतीचं सगळं जग त्यांच्या कागदावर आलं: शेत, वारूळ, मुंग्या, नाच. त्यांचं मासे धरायच्या जाळ्याचं चित्र फार गाजलं. सगळ्या चित्रभर बारीक पांढऱ्या रेघांचं जाळं पसरलेलं आणि त्याच्यापुढे माणसं अगदी इवलीशी. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. २००३ साली जर्मनीतल्या डुसेलडॉर्फच्या संग्रहालयात त्यांची चित्रं रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या कामाशेजारी लागली. हा लाँग मैलोन्‌मैल पायी हिंडतो आणि दगडमातीच्या रेघा नि वर्तुळं मांडतो. २०१८ साली म्हसे गेले.

त्यांच्या मोठेपणाबद्दल आम्हाला शंका नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या ती रेघ जपली सवाशिणींनी, आणि जगाला पहिलं नाव कळलं ते पुरुषाचं. असं का झालं?

बिहारातल्या मिथिलेत वेगळं घडलं, आणि तिथेही गेले होते हेच भास्कर कुलकर्णी. १९६६-६७ साली बिहारात मोठा दुष्काळ पडला. घरबसल्या चार पैसे मिळावेत म्हणून हस्तकला मंडळानं त्यांच्या हाती कागद देऊन त्यांना मिथिलेच्या गावांत धाडलं. तिथल्या बाया लग्नघराच्या भिंतीवर कोहबर काढत आल्या होत्या. कागदही त्यांच्याच हाती पडला. १९७५ साली जगदंबा देवींना पद्मश्री मिळाली, पुढे सीता देवींना आणि गंगा देवींना. आम्हाला वाटतं, मिथिलेत चित्र ही मजुरी झाली, म्हणून घरातून बाईला वेळ मिळाला. एरवी रोज चित्र काढायचं तर रोजचा मोकळा वेळ लागतो. निंदण, पाणी, सरपण, चूल यांतून तो कुणाला सापडतो, हे तुम्हाला आम्ही काय सांगावं!

या गंगा देवींबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. त्यांना कॅन्सर झाला आणि उपचारासाठी दिल्लीच्या दवाखान्यात राहावं लागलं. तिथली खाट, डॉक्टर, तपासण्या, सगळं त्यांनी आपल्या कोहबराच्या बारीक रेघेत काढलं. १९९१ साली त्या गेल्या. ज्या रेघेनं नवरीची खोली सजवायची, तिनं दुखणंही सांगता येतं, हे त्यांच्याआधी कुणाला सुचलं असेल, असं आम्हाला वाटत नाही.

आता आपल्या शेजारी येऊ. आपलं मेळघाट ओलांडलं की मध्य प्रदेश लागतो. तिथल्या झाबुआ जिल्ह्यातल्या भूरीबाई भिल्ल समाजाच्या. भिल्लांत पिठोऱ्याचे घोडे भिंतीवर काढायचा मान पुरुषांचा, बाईला ती मुभा नाही. भूरीबाई भोपाळला मजुरीला आल्या. १९८२ साली सुरू झालेल्या भारत भवनाच्या बांधकामावर त्या राबत होत्या. तिथे जगदीश स्वामिनाथन या चित्रकारांनी त्यांना विचारलं, तुमच्या घरी भिंतीवर काढता तसं कागदावर काढाल का? चित्र काढत बसले तर माझं काम कोण करणार, असा भूरीबाईंचा प्रश्न होता. चित्राचे पैसे मिळतील म्हटल्यावर त्या बसल्या. पिठोऱ्याच्या घोड्याला हात न लावता झाडं, जनावरं, झोपड्या, बाया असं त्यांनी ठिपक्या-ठिपक्यांनी काढलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

इकडे वऱ्हाडात कुडाच्या आणि मातीच्या भिंती आता थोड्याच उरल्या. घरकुल मिळालं, सिमेंट आलं, फरशी आली. बरंच झालं, गळणारं छप्पर कुणाला हवं असतं? पण सारवणाची भिंत गेली तशी काढायची जागाही गेली. नाग आता बाजारातल्या छापील कागदावर येतो. मोठ्या बायांच्या हातात जी वळणं आहेत, ती त्यांच्या सुनांनी पाहिलेलीही नाहीत.

म्हणून येत्या श्रावणात आमच्या गटानं एक ठरवलं आहे. ज्या आज्यांना जुना नाग काढता येतो, त्यांच्याकडून तो काढून घ्यायचा आणि खाली त्यांचं नाव, गाव, साल लिहायचं. पहिल्याच बैठकीत एक आजी म्हणाली, "देवाखाली आपलं नाव लिहू नाई बाप्पा." दुसरीनं तिची री ओढली. तिसरी म्हणाली, नाव लिहिलं तर पूजा कशी करायची? तासभर वाद झाला. शेवटी पूजेचा नाग भिंतीवर बिननावाचा काढायचा आणि दुसरा ड्रॉइंगच्या कागदावर, खाली नाव घालून, असा तोडगा निघाला. कागद आणि गेरू गटाच्या पैशातून घेणार आहोत. तांदूळ ज्याचे त्यानं आणायचे.