वाटी आणि चमचा

पेशंटला तोंडाने खाता येत नसेल तर काय? आपल्याला लगेच आयसीयू आठवतं, नाकातली नळी, सलाईन... 1968 साली फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी एका नवजात मुलीला फक्त शिरेतून अन्न देऊन वाढवल्याचं प्रसिद्ध केलं. भारीच काम!

पण मंडळी, 1982 ला चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत, दिवस भरण्याआधी जन्मलेलं, चोखायचीही ताकद नसलेलं बाळ घरातच असायचं. तिथे नळी कोण घालणार?

'सर्च'च्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1995 पासून 39 गावांत तिथल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. आईचं दूध वाटीत काढायचं, चमच्याने थोडं थोडं पाजायचं, बाळ उबदार ठेवायचं, वजन करायचं. जंतुसंसर्ग दिसला तर इंजेक्शनही त्याच द्यायच्या! अशा अपुऱ्या दिवसांच्या बाळांमधले मृत्यू 1995-96 मधल्या 33.3 टक्क्यांवरून 1996 ते 2003 या काळात 10.2 टक्क्यांवर आले. श्रेय एकट्या चमच्याचं नाही, संसर्गावरच्या उपचाराचाही त्यात वाटा आहे. तरी मला चमचाच जास्त आवडतो, कारण तो प्रत्येक घरात आधीपासूनच होता.

2011 पासून देशभरातल्या आशाताई नवजात बाळांसाठी घरोघरी जाऊ लागल्या. वाटी-चमच्याने दूध पाजणं त्यांच्याही प्रशिक्षणात आहे.