चोळ्याच्या विजेवर वाढलेलं उपनगर

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतली शहरं मोटारीच्या जोरावर पसरली. १९५६ च्या कायद्याने महामार्ग मिळाले, स्वस्त कर्जांनी घरं मिळाली, आणि डेट्रॉइट ओस पडत गेलं: १९५० मध्ये साडेअठरा लाख वस्ती, २०१० मध्ये जेमतेम सात लाख. मुंबई पसरली ती रुळांवरून. जीआयपी रेल्वेने १९२९ च्या सुमारास पुण्यापर्यंतचा मार्ग विजेवर आणला तेव्हा त्यासाठी ठाकुर्लीजवळ चोळ्याला कोळशावर चालणारं पॉवरहाऊस उभारलं. पुढे ज्या लोकलने गिरगाव-परळची कुटुंबं डोंबिवली-कल्याणला आणली, तिच्यामागे ही वीज होती. पण वीज माणसाला पोचवते, घर सोडायला लावत नाही. ते काम १९४७ च्या भाडे कायद्याने केलं, असं माझं ठाम मत आहे. भाडी १९४० च्या पातळीवर गोठली, मालकांनी दुरुस्तीतून अंग काढून घेतलं, भाड्याच्या नव्या चाळी बांधणं थांबलं. या कायद्याने गरिबाचं छप्पर राखलं, हा आक्षेप खराच आहे. मात्र ते राखलं खोलीत आधीच बसलेल्याचं. त्याच्या लग्न झालेल्या मुलाला पागडी परवडेना.

लोक आपखुशीने गेले, स्वतःच्या मालकीच्या घरासाठी गेले, असंही म्हटलं जातं. मालकीच्या घराचा आनंद मोठा होता, त्याला कमी लेखू नये. पण शहरात भाड्याचं घर मिळत असतं, तर किती जणांनी रोज तासाभराहून अधिक लोंबकळणं पत्करलं असतं? शिवाय अमेरिकेत रोजगारही बाहेर सरकला. इथे १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचा रोजगार आटला, तरी फोर्ट-नरिमन पॉइंटची कार्यालयं तिथेच राहिली. गाभा ओस पडला नाही, महाग झाला आणि आपल्या माणसांना मुकला. मुंबई बेटाची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये सुमारे अडीच लाखांनी घटली. तोवर कल्याण-डोंबिवली बारा लाखांपलीकडे गेली होती.

आता तीच मोडकळ इकडे कल्याण-डोंबिवलीत पोचली आहे. जुलै २०१५ मध्ये ठाकुर्लीतली ‘मातृछाया’ इमारत कोसळून नऊ जणांचा जीव गेला. मुंबई बेटावरच्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन झालं. त्या मंडळाची हद्द ठाकुर्लीपर्यंत येत नाही.