‘एक तरी’चा निकष : सातारा व सांगली येथील वारसाचा प्रश्न

दिलेल्या संचातील एक तरी घटक विवक्षित अट पुरी करतो काय, हा प्रश्न तर्कशास्त्रास परिचित आहे. फ्रेगे याने १८७९ साली अशा विधानांना चिन्हबद्ध रूप दिले, आणि आज संगणकाच्या आज्ञावलीत ही तपासणी नित्याची झाली आहे. तिची रीत साधी आहे. घटक एकामागून एक तपासले जातात. अट पुरी करणारा पहिला घटक सापडताच होकार देऊन काम थांबते. नकार मात्र सर्व घटक तपासल्याखेरीज देता येत नाही, आणि संच रिकामा असेल तर उत्तर नकारार्थीच असते. राजगादीला वारस आहे काय, हा प्रश्न मुळात याच जातीचा होय. सातारा व सांगली येथील तीन प्रसंगांवरून त्याचे मर्म ध्यानात येते.

पहिला प्रसंग १७४९ चा. छत्रपती शाहू महाराज निपुत्रिक होते. राजघराण्यातील एक तरी पुरुष हयात आहे काय, या प्रश्नास ताराबाईंनी आपला गुप्तपणे वाढविलेला नातू म्हणून रामराजाचे नाव पुढे केले. शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी निवर्तले व लवकरच रामराजा गादीवर आला. होकारास एक व्यक्ती पुरेशी ठरली व शोध तेथेच थांबला. परंतु १७५० च्या नोव्हेंबरात ताराबाईंनी त्यास साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले, आणि १७५२ साली जेजुरीस खंडोबासमोर शपथ घेऊन तो आपला नातू नव्हे असे सांगितले. होकार एकाच घटकावर उभा असल्यामुळे त्या घटकाची परीक्षा सदोष निघाल्यास सर्वच निर्णय डळमळतो, हा येथील बोध होय.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर आहे. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहान्वये साताऱ्याचे राज्य प्रतापसिंह महाराजांस व त्यांच्या वारसांस आणि उत्तराधिकाऱ्यांस निरंतर दिले होते. प्रतापसिंहांस १८३९ मध्ये पदच्युत करून त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांस गादीवर बसविण्यात आले. ५ एप्रिल १८४८ रोजी ते वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचे मत दत्तक मान्य करावा असे होते. गव्हर्नर जनरल डलहौसी यांनी मात्र दत्तकास खाजगी मालमत्तेचा वारस मानले व राज्याचा वारस मानले नाही. सार्वभौम सत्तेच्या संमतीवाचून दत्तकास राज्य मिळत नाही, ही अट त्यांनी लावली. व्यक्ती तीच, एका अटीस उत्तर होकाराचे, दुसऱ्या अटीस नकाराचे. ‘वारस नाही’ हा निष्कर्ष माणसांच्या अभावातून निघाला नसून अटीच्या अर्थातून निघाला होता. शिवाय अट ठरविणारा व राज्य घेणारा पक्ष एकच होता. साताऱ्याचे राज्य खालसा झाले.

तिसरा प्रसंग सांगलीचा. १८५७ च्या उठावानंतर धोरण बदलले व १८६२ साली लॉर्ड कॅनिंग यांनी संस्थानिकांस दत्तकाच्या सनदा दिल्या. सांगलीचे धुंडिराव तात्यासाहेब पटवर्धन १९०१ मध्ये वारले, तेव्हा गादीस औरस पुत्र नव्हता. तथापि १९०३ साली पटवर्धन घराण्यातील चिंतामणराव आप्पासाहेब दत्तक म्हणून गादीवर आले, व संस्थान १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत टिकले.

१८४८ चा सातारा व १९०३ ची सांगली यांत औरस पुत्र दोन्ही ठिकाणी नव्हता; दत्तकाचा मार्ग दोन्ही ठिकाणी होता. भेद केवळ अटीत होता. म्हणून ‘कोणीही नाही’ असा निर्णय कागदपत्रांत आढळल्यास अभ्यासकाने प्रथम हे पाहावे की, कोणता संच तपासला, कोणती अट लावली, आणि ती लावण्याचा अधिकार कोणाकडे होता. यंत्र अट जशी दिली तशीच पाळते. ती कोणी व का दिली, हे शोधणे इतिहासाचे काम आहे.