रीजन्सी रोमान्समध्ये ‘अनौरस’ मुलीच्या लग्नावर एवढी चर्चा का?

‘ब्रिजर्टन’ पाहिलेल्यांना रीजन्सी रोमान्स ओळखीचा आहे. बॉलरूम, घोडागाड्या आणि मुलीसाठी ‘चांगलं स्थळ’ शोधणारी मंडळी. या कथांमध्ये वडिलांचं नाव न मिळालेली मुलगीही वारंवार भेटते. तिच्या लग्नाचा प्रश्न थेट मालमत्तेच्या कायद्याशी जोडलेला होता.

रीजन्सी म्हणजे काय?

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज आजारपणामुळे कारभार पाहू शकत नव्हता. त्यामुळे १८११ ते १८२० या काळात त्याच्या मुलाने रीजंट, म्हणजे राजाच्या वतीने कारभारी म्हणून राज्य चालवलं.

हॅरिएटचं स्थळ

जेन ऑस्टिनची ‘एमा’ ही कादंबरी डिसेंबर १८१५ मध्ये आली. ती याच रीजंटला अर्पण केलेली आहे. यातली श्रीमंत एमा मैत्रीण हॅरिएट स्मिथची सोयरीक जुळवायला निघते. हॅरिएट अनौरस, वडील कोण ते ठाऊक नाही. शेतकरी रॉबर्ट मार्टिनला नकार द्यायला लावून एमा तिच्यासाठी पाद्री एल्टनची स्वप्नं पाहते. एल्टनला मात्र हॅरिएट आपल्या तोडीची वाटत नाही. शेवटी लग्न मार्टिनशीच होतं.

तेव्हाच्या इंग्लिश कायद्यात अनौरस मुलाला वडिलांचा वारसाहक्क नव्हता. मृत्युपत्रात नाव असेल तरच काही मिळे. त्यामुळे अशा मुलीचं भविष्य बरंचसं लग्नावर ठरायचं.

त्याच काळात नागपुरात

भंडारा रोड स्टेशन असलेलं वरठी आज ज्या भागात आहे, तो मुलूख तेव्हा नागपूरकर भोसल्यांकडे होता. मार्च १८१६ मध्ये दुसरे रघुजी वारले. गादीचे वारस परसोजी आजारी आणि अंध. म्हणजे इथेही राजाच्या नावाने कारभार कोण पाहणार, हाच प्रश्न.

रघुजींचे अनौरस पुत्र धर्माजी गादीवर बसू शकत नव्हते, पण दरबारात त्यांचं वजन होतं. रघुजींच्या पत्नी बांकाबाई आणि धर्माजी एका बाजूला, तर परसोजींचे चुलतभाऊ अप्पासाहेब दुसऱ्या बाजूला. अप्पासाहेबांनी सत्ता हाती घेतली आणि त्याच वर्षी धर्माजींचा खून झाला. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजीही मारले गेले.

आजचा कायदा काय सांगतो?

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १६ नुसार, आईवडिलांचं लग्न कायद्याने रद्दबातल ठरलं तरी मूल औरसच मानलं जातं. १ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत आई किंवा वडिलांच्या वाट्याला जे आलं असतं, त्यातही या मुलाला हिस्सा आहे. इतर नातेवाइकांच्या वाट्यावर मात्र हक्क नाही.

लग्नच झालेलं नसेल, तर कलम १६ लागू होत नाही. हिंदू वारसा कायद्यात असं मूल आईचं वारस ठरतं. वडिलांना त्याला मालमत्ता द्यायची असेल, तर मृत्युपत्र किंवा बक्षीसपत्र करून ठेवणं हाच खात्रीचा मार्ग.